फरार मुलाचं औक्षण

खूप जुन्या काळची गोष्ट. त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण तिथल्या एका पाटलाच्या सुनेची हकिकत अजून सांगतात.

अंगाची हळद उतरायच्या आत तिच्या नवऱ्याने एका तरण्या धनगराला मारलं. कारण काय, तर त्याची मेंढरं पाटलाच्या शेतात शिरली. काठीचा घाव डोक्यात बसला. पोर जागीच गेलं आणि पाटलाचा मुलगा रानात पळाला.

धनगराची विधवा आई ऊर बडवत राहिली. गावाने मात्र भलताच गुन्हेगार शोधून काढला.

"नव्या सुनेचा पायगुण," बायका म्हणाल्या. "एरवी त्याने कधी मुंगी मारली नव्हती हो!"

काठी कुणाच्या हातात होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी दोष सुनेच्या पायांना!

तेव्हापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. सासू रोज तिच्या हातचं जेवली, पण तिच्याशी धड बोलली नाही. सून गप्प राहिली. गप्प माणसाला पुष्कळ काही दिसत असतं.

वर्षं गेली आणि नवरा परतला. त्या गावची रीत अशी, की पळालेल्या माणसाला त्याच्या बायकोने ओवाळून आत घेतलं, की गावाने गुन्हा विसरायचा. नाही ओवाळलं, तर पंचांनी त्याला न्यायाधीशाकडे धाडायचं.

मग काय! सकाळपर्यंत पांढऱ्या पायाची असलेली सून दुपारी घरची लक्ष्मी झाली.

"किती वाळला गं बाई माझा लेक!" सासू रडू लागली. "सूनबाई, तबक आण लवकर."

"कंदमुळं खाऊन दिवस काढले मी," नवरा म्हणाला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. धनगराची आई कुंपणापाशी उभी होती. तीही वाळलीच होती, पण तिच्यासाठी कुणाचा पदर ओला झाला नाही.

सुनेने निरांजन लावलं. तबक घेऊन ती दारात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "ओवाळते. पण आधी त्या माउलीला सांगा, तिच्या मुलाला कुणी मारलं ते."

"अगं, शुभ वेळेला हे काय काढलंस?" सासरे ओरडले.

नवरा हसला. "जुनं झालं ते. आणि त्याने मेंढरं आवरली असती, तर मी काठी कशाला उचलली असती?"

"इतकी वर्षं चूक माझ्या पायांची होती," ती म्हणाली. "आज मेंढरांची झाली. तुमच्या हाताची कधी होणार?"

 तिने तबक खाली ठेवलं.

"सूनबाई, पाया पडते तुझ्या!" सासू म्हणाली.

"माझ्या नको. त्या बाईच्या पडा. मुलगा तिचा गेलाय, माफी मी कुठून देऊ?"

सासू जागची हलली नाही. नवऱ्याने मान फिरवली. रीत पंचांचीच होती, त्यांना ती मोडता येईना. त्यांनी त्याला न्यायाधीशाकडे धाडलं आणि न्यायाधीशाने जन्मभराचा तुरुंग सुनावला.

गाव पुन्हा म्हणालं, "बघा, सुनेचाच पायगुण!" या वेळी मात्र तिने तो दोष घेतला नाही. सगळ्यांच्या देखत ती कुंपणापर्यंत चालत गेली आणि धनगराच्या आईला हात धरून तिच्या घरी पोचवून आली.

बोध: गुन्हेगाराच्या हालांवर रडण्याआधी, त्याने ज्याचं घर उजाड केलं त्याच्या दाराशी जाऊन यावं.