राणीने काळा पडू दिलेला गड

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव विचारलंत तर मलाही सांगता यायचं नाही.

त्या राज्यात एक राणी होती. तिचा गड चुन्याने असा पांढराशुभ्र रंगवलेला, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. दर वर्षी नवा चुना लागे, आणि गडाचं बघून राज्यातल्या बारा गावांचे पाटीलही आपापले वाडे रंगवत. चुना भाजायला भट्ट्या, आणि भट्ट्यांना लाकूड. बघता बघता डोंगर बोडके झाले. ऊन वाढलं, पाऊस लहरी झाला, झरे आटले. खालच्या गावातली माणसं बैलगाड्यांत संसार भरून निघून जाऊ लागली. राणी सज्जातून बघायची आणि तिला घास गोड लागायचा नाही.

तिने सभा भरवली. "बाराही गावांच्या भट्ट्या बंद करूया," ती म्हणाली. पण तिथली रीत अशी, की बारा पाटलांनी विडा उचलला तरच ठराव व्हायचा. अकरा उचलायचे, बारावा मिशीला पीळ देत बसायचा. पुढच्या वर्षी तो तयार, तर दुसराच कुणी अडून बसलेला. सहा वर्षं हाच खेळ चालला.

शेवटी राणी बागेतल्या म्हाताऱ्या माळणीला म्हणाली, "माझ्या हातात काहीच नाही गं, मावशी."

माळीण वाळकी पानं खुडत होती. "राणीसाहेब, गावच्या भट्ट्या सभेच्या. गडाच्या चार भट्ट्या कुणाच्या?"

"माझ्या."

"मग त्या विझवायला कुणाचा विडा लागतो?"

राणीला स्वतःची लाज वाटली. त्याच दुपारी तिने हुकूम काढला. गडाच्या भट्ट्या बंद, गडाच्या रानात कुऱ्हाड बंद. भट्टीवाल्यांना कोठारातून धान्य, आणि त्यांनी त्याच रानात झाडं लावून जगवायची.

प्रधान हादरले. "गड काळा पडेल, राणीसाहेब. वाडवडिलांचं नाव जाईल."

"पडू दे. नाव घ्यायला माणसं तर उरायला हवीत."

आता गंमत ऐका. गडापेक्षा कुणाचं घर पांढरं दिसू नये, असा त्या राज्याचा जुना दंडक होता. दोन पावसाळ्यांत गडावर शेवाळ चढलं आणि पाटलांची पंचाईत झाली. भिंती रंगवाव्यात तर राणीचा अपमान. चुना मागणारंच कुणी उरलं नाही, तशा गावोगावच्या भट्ट्या थंड पडल्या. मिशीला पीळ देणारा पाटील सगळ्यांत शेवटी आला आणि हळूच म्हणाला, "आमच्या डोंगराला थोडी रोपं मिळतील का?" राणीने टोमणा न मारता दिली.

झाडं काही चुटकीसरशी वाढत नाहीत. पण दहाव्या वर्षी खालचा झरा भर वैशाखात वाहिला, आणि गेलेल्यांपैकी पहिलं कुटुंब परत आलं. त्यातल्या बाईने झऱ्यावर उभ्या असलेल्या राणीलाच विचारलं, "बाई, इथला पांढरा गड कुठे गेला हो?"

राणी पोटभर हसली आणि तिने त्या बाईच्या ओंजळीत झऱ्याचं पाणी ओतलं.

बोध एवढाच: सत्ता हाती असलेल्याने साऱ्यांच्या होकाराची वाट बघत बसू नये; जे आपल्या अधिकारात आहे, ते आजच आणि आपल्या घरापासून करावं.