साठ घोड्यांचा धनी

घोड्यावर बसून दिवसभरात जेवढं जाता येई, तेवढंच जग मोठं होतं, त्या काळातली ही गोष्ट.

एका उजाड माळावर एक सरदार राहत असे. त्याच्याकडे साठ घोडे होते. त्याचा एकुलता एक मुलगा हंबीर मात्र लहानपणापासून दूर शहरात, आजोळी वाढला होता.

सरदार वारला. मरताना त्याने मुलासाठी निरोप ठेवला, "माझी खरी ठेव डोंगरात आहे. जागा एकट्या सटवाजीला ठाऊक आहे. तो सांगेल तसं वाग."

सटवाजी हा सरदाराचा म्हातारा चाकर. सारी हयात त्याने घोडे राखण्यात घालवली होती.

हंबीर माळावर आला तो जरीचे जोडे घालून. राखणदारांनी त्याला कसंबसं घोड्यावर चढवलं, आणि चढताच उन्हासाठी त्याने छत्री उघडली. घोडा उधळला. "अहो, जरा थांबावं! थांबावं!" असं घोड्याला विनवत, मानेला मिठी मारून हंबीर माळभर फिरला आणि शेवटी लिदीच्या ढिगात उतरला. राखणदार पोट धरधरून हसले. सटवाजीने तेवढा हात देऊन त्याला उठवलं.

"ठेव कुठे आहे?" हंबीरने पहिलं तेच विचारलं.

"दावतो की, धाकले धनी. पण थोरल्या धन्यांनी अट घातलीया. एक उन्हाळा घोड्यांमागं हिंडा, मग दावतो."

आठ दिवसांत हंबीरच्या पायांना फोड आले. म्हातारा ठेव एकटाच गिळायला बघतोय, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने चारचौघांत सटवाजीला चोर म्हटलं.  घोंगडं खांद्यावर टाकून म्हातारा दोन दिवसांच्या वाटेवर, लेकीच्या गावी निघून गेला.

मग हंबीरने राखणदारांच्या हाती कुदळी दिल्या. चूल खणली, तबेला खणला, डोंगराची एक बाजू उकरून काढली. एकदा मडकं लागलं तेव्हा तो आनंदाने नाचला. झाकण काढलं, तर आत खुरांना लावायची जुनी, कुजकी चरबी! कितीही धुतलं तरी हाताचा वास जाईना. घोड्यांकडे बघायला मात्र आता कुणीच नव्हतं.

चैत्र सरला. ओढा आटला. घोडे ओली वाळू चाटत उभे राहू लागले. आधी शिंगरं पडली, मग त्यांच्या आया.

"दर उन्हाळ्यात थोरले धनी आन् सटवाजी घोडे घेऊन डोंगरात जायचे," एक राखणदार म्हणाला. "आमाला खालीच ठेवायचे. कुठं जायचे, ठावं न्हाई."

 हंबीर पायीच सटवाजीच्या लेकीच्या गावी गेला. म्हातारा तापाने फणफणला होता.

"बाबा, घोडे मरताहेत," हंबीर एवढंच म्हणाला.

सटवाजी उठला. चालवेना, तेव्हा हंबीरने त्याला पाठीवर घेतलं. तिसऱ्या दिवशी ते डोंगरातल्या एका घळीत पोचले. करवंदीच्या जाळीमागे झरा होता, थंडगार, भरलेला. त्याच्याखाली सरदाराने स्वतः खोदलेलं लांबच लांब दगडी कुंड होतं.

"हीच ठेव," सटवाजी म्हणाला.

"पाणी आहे, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तवा तुमी हसला असता. पर चूक माजीबी हाय. तुमचा राग धरला, आन् शिक्षा मुक्या जिवांना झाली."

कुंडाकाठी ठेवलेली घागर भरून हंबीर धावत खाली गेला. माळावर एकच घोडा जिवंत होता, तोही आडवा पडलेला. हंबीरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीने पाणी तोंडात सोडलं. ते ओठांतून बाहेर ओघळलं. दिवस मावळायच्या आत घोडा गेला.

हंबीर पुढे बरीच वर्षं त्या माळावर राहिला. डोंगरातलं कुंड काठोकाठ भरलेलं असे. प्यायला कुणी नव्हतं.

तात्पर्य: वारसा जन्माने मिळतो, पण जाणत्यावर विश्वास ठेवून शिकण्याची ज्याची तयारी नसते, त्याला तो हाती येऊनही लाभत नाही.