खिंडीवरचा पहारा

एकदा एक तरुण अमात्य आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. डोंगरापलीकडच्या राष्ट्राने पोलाद गाळण्याची विद्या साध्य केली होती आणि त्यांच्या भट्ट्या फोडून टाकाव्यात, असे राजाच्या मनाने घेतले होते. दुसऱ्या दिवशी सभेत अमात्याला मत द्यायचे होते.

"गुरुजी, ही विद्या आजवर फक्त आपल्याकडे होती," तो म्हणाला. "उद्या याच पोलादाची शस्त्रं घेऊन ते आपल्यावर चालून आले तर? त्यांना वेळीच रोखणं हा आपला अधिकार नाही का?"

गुरुजी काठी घेऊन उठले आणि चालू लागले. अमात्य त्यांच्या मागे निघाला.

दुपार कलताना दोघे एका निर्जन खिंडीशी पोहोचले. कड्यावर जुना बुरूज होता आणि त्याच्या कठड्याशी काही माणसे ओळीने बसली होती. अमात्याने हाक मारली. एकानेही मान वळवली नाही. जवळ जाऊन पाहिले, तर त्यांच्या पापण्यासुद्धा क्वचितच लवत होत्या. पाठीमागे त्यांचेच गाव होते. शेतांत काटेरी झुडपे माजलेली, लोहारशाळेचे छप्पर खाली आलेले. कुठे कुत्रेही भुंकत नव्हते.

"काय पाहता आहात, बाबा?" त्याने एका म्हाताऱ्याला विचारले.

"धूर," ओठ फारसे न हलवता म्हातारा म्हणाला. "खाली भट्टी पेटता कामा नये."

"कोण राहतं खाली?"

"शत्रू."

"तुम्ही पाहिलाय त्याला?"

"आमच्या आज्यानंही नाही पाहिला."

 अमात्याने दरीत डोकावून पाहिले. घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या आणि त्यांतून मोठाली झाडे वर आली होती. तो वळला, तर गुरुजी जागेवर नव्हते.

काही वेळाने त्या ओसाडीतून धुराची एक बारीक रेघ वर चढली. साऱ्या माणसांच्या घशातून कण्हल्यासारखा एकच आवाज निघाला. म्हाताऱ्याने धनुष्य ओढले. कुजलेली दोरी तटकन तुटली. "आले, ते आले," असे पुटपुटत तो पुन्हा दरीकडे पाहत बसला.

गुरुजी कडा चढून परतले. त्यांच्या बोटांना राख लागली होती.

"पालापाचोळा मीच पेटवला," ते म्हणाले. "यांच्या पूर्वजांनी खालची भट्टी विझवली. ते लोक केव्हाच परागंदा झाले. पण ती पुन्हा पेटू नये म्हणून हे जे बसले, ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यानं शस्त्र उगारलं, तर त्याचा हात अवश्य धर. परंतु आगळीक रोखणं वेगळं आणि वाढ रोखणं वेगळं. शस्त्रांचं भय वाटत असेल, तर दोघांनी मिळून मर्यादा आखावी. जी मर्यादा आपण पाळत नाही, ती दुसऱ्यावर लादायला नुसतं बळ पुरतं. पण त्याला अधिकार म्हणत नाहीत."

अमात्य परतला आणि सभेत त्याने खिंडीत पाहिलेले सारे आणि गुरुजींचे हेच शब्द सांगितले. सेनापती हसला. राजा संतापाने उठून उभा राहिला. मग खिडकीशी जाऊन डोंगराच्या दिशेने पाहू लागला.

"बरं," अखेर तो हळू आवाजात म्हणाला, "मग आपण स्वतःवर कोणती मर्यादा घ्यायची?"

त्या सभेत हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता. सेनापतीचे हसू मावळले आणि अमात्य त्या मर्यादेविषयी बोलायला राजासमोर खाली बसला.