लवू सुताराची फणसअळंबी

सह्याद्रीच्या कोकणाकडच्या उतारावर, घरांपेक्षा फणसाची झाडे जास्त असलेल्या एका गावात लवू नावाचा सुतार राहत होता. हात कसबी, ओठांवर सदा गाणे, आणि आपल्या कामाचे कौतुक आपणच करण्याची हौस. साधा पाट केला तरी म्हणायचा, "राजाला बसायला दिला तर उठायचा नाही!"

त्या गावात एक जुने औषध होते. म्हातारा फणस आतून कुजू लागला की कधीकधी त्याच्या खोडावर कानासारखे कडक, तपकिरी अळंबे फुटे. त्याला फणसअळंबे म्हणत. गावची वैद्यीण वेणूआक्का ते सहाणेवर पाण्यात उगाळी आणि तोंड आलेल्या मुलांच्या जिभेला लावी. रडणारी मुले पुन्हा जेवू लागत. पण गुणाची कीर्ती पसरली तसे मागणारे वाढले. लोकांनी दिसेल ते अळंबे खरवडून नेले, म्हातारे फणस जळणासाठी तोडले. शेवटी आक्काच्या फडताळात एकच वाळका तुकडा उरला.

"हा संपला की मुलांनी काय करायचं?" आक्का हळहळली.

"आक्का, काकडी लावतो, दोडका लावतो, मग अळंबं का लावू नये?" लवू म्हणाला. "लाकूड माझं, लागवड माझी. तुम्ही नुसतं बघत राहा."

तो रानात हिंडला. एका उन्मळून पडलेल्या फणसात त्याला अळंब्याने कुजवलेले लाकूड सापडले. त्याचा भुगा त्याने घरी आणला. फणसाच्या ओंडक्यांना गिरमिटाने भोके पाडली, त्यांत भुगा ठासला, वरून मेण लावले आणि ओंडके परसातल्या सावलीत ठेवले.

पावसाळ्यात ओंडक्यांवर पांढरी, नारिंगी, काळी अशी नाना तऱ्हेची बुरशी आली. फणसअळंबे मात्र एकही नाही.

"हा रंगांचा बाजार कुणी मांडला?" त्याची बायको देवकी म्हणाली.

लवू विचारात पडला. लाकडात आधीच दुसऱ्या बुरशीचे बीज असणार. ते मेल्याशिवाय आपले बीज कसे रुजेल? त्याने भात उकडायचा मोठा हंडा चुलाणावर चढवला आणि नवे ओंडके वाफेवर ठेवले.

"आता काय लाकडाची उसळ करताय?"

"उसळ नाही गं, आंघोळ! पाहुणा यायचाय, त्याआधी घर स्वच्छ नको?"

देवकी खोखो हसली आणि जाळ घालायला बसली.

ओंडके निवल्यावर लवूने पुन्हा भुगा भरला. पुढच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी ओंडक्याच्या सालीवर तपकिरी कान उगवलेले दिसले. लवू नाचतच गावभर फिरला.

गावच्या खोतांची नात मंजुळा तेव्हा तोंड आल्याने हैराण झाली होती. खोतांनी दवंडी दिली, "लवूचं पहिलं अळंबं उद्या वाजतगाजत माझ्या घरी येईल. साऱ्या गावाला जेवण!"

लवूने एक अळंबे काढून आक्काकडे नेले. आक्काने ते उलटसुलट पाहिले.

"दिसायला तेच आहे. गुण तोच आहे का, ते बघू. चांगलं अळंबं दुधात उगाळलं तर दूध लवकर नासत नाही. आमच्याकडं अशीच पारख करतात."

तिने दुधाच्या तीन वाट्या मांडल्या. एकीत नुसते दूध, दुसरीत जुना तुकडा थोडा उगाळून, तिसरीत लवूचे नवे अळंबे उगाळून. वाट्या झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांनी झाकणे काढली. नुसते दूध आंबले होते. जुन्या तुकड्याचे दूध ताजे होते. आणि लवूच्या अळंब्याचे दूध? तेही आंबले होते.

लवूने वाटी नाकाशी नेली, बाजूला केली, पुन्हा नाकाशी नेली. वास काही बदलेना. तेवढ्यात अळंबे वाजतगाजत न्यायला आलेले ढोल आक्काच्या अंगणात वाजू लागले.

त्याच्या मनात आले, मंजुळेला जुना तुकडा उगाळून द्यावा. पोर बरी होईल आणि नाव आपल्या अळंब्याचे होईल. कोणाला कळणार आहे? त्याने आक्काकडे पाहिले. आक्का त्याच्याकडेच पाहत होती. मग लवूला उद्याची मुले आठवली. जुना तुकडा संपल्यावर ती रडत येतील आणि आपण त्यांच्या जिभेला नुसता लाकडाचा चोथा लावू.

तो तडक बाहेर आला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "वाजप थांबवा! माझ्या अळंब्याला गुण नाही! दूध नासलं!"

ढोल थांबले. कोणी तरी फिदीफिदी हसले. एका ढोलक्याने घाबरून विचारले, "मग जेवण?"

खोतांचा चेहरा उतरला. "आणि माझी मंजू?"

"तिला आक्का जुन्या अळंब्यानं बरं करतील," लवू म्हणाला. "पण ते अळंबं माझं नव्हे, एवढं सगळ्यांनी ऐकून ठेवा."

खोतांनी मान डोलावली. मग म्हणाले, "अन्न शिजलंय. आज जेवून घेऊ. अळंबं व्हायचं तेव्हा होईल."

पंगत बसली. लाजेने मान खाली घालून बसेन, असे लवूला वाटले होते. पण त्याला इतके हलके वाटत होते की त्याने दोनदा खीर मागून घेतली. जेवता जेवता आक्का म्हणाली, "लवू, तुझ्या अळंब्याची कड अजून पांढरी, मऊ आहे. जुनं बघ, दगडासारखं कडक. तू कोवळंच तोडलंस."

"म्हणजे घाई माझी, दोष अळंब्याचा नाही!" लवू हसला.

आता ते काम एकट्या लवूचे राहिले नाही. पाण्याला जाणाऱ्या बायका येता-जाता ओंडक्यांवर पाणी शिंपडत. गुरे जाऊ नयेत म्हणून खोतांनी कुंपण घालून दिले. कितीतरी पावसाळे गेले. कोणी अळंब्याला हात लावला नाही. मंजुळा मोठी होऊन परकर-पोलके घालू लागली, तेव्हा कुठे ते कान लाकडासारखे टणक झाले.

या वेळी वाट्या देवळाच्या अंगणात सर्वांसमोर मांडल्या. दुसऱ्या दिवशी झाकणे काढायचा मान खोतांचा. नुसत्या दुधाचा वास घेताच ते "शिव शिव!" करत मागे सरले. मग नव्या अळंब्याची वाटी हुंगली. पुन्हा हुंगली. आणि साऱ्या गावादेखत ती घटाघटा पिऊन टाकली.

"खोतसाहेब, ते औषध होतं!" आक्का ओरडली.

"असू दे! दूध उत्तम आहे!"

हसून हसून लोकांची पोटे दुखली. ढोल आपोआप वाजू लागले. तरीही आक्काने आधी गावातल्याच आजारी मुलांना औषध दिले. ती मुले पुन्हा भाकरी मागू लागली, तेव्हाच ते बाहेरगावी पाठवले.

पुढे घाटावरून एक वैद्य अळंबी घ्यायला आले. विहिरीवर देवकी पाणी भरत होती. तिला त्यांनी विचारले, "बाई, इथल्या अळंब्याला खरंच गुण आहे, हे कशावरून?"

"लवू सुतार म्हणतो म्हणून," आपण त्याचीच बायको हे न सांगता देवकी म्हणाली.

"अहो, विकणारा आपल्या मालाला चांगलंच म्हणणार!"

देवकीने कळशी कमरेवर घेतली. "गुण नव्हता, तेव्हा दारात वाजणारे ढोल थांबवून त्यानंच तसं ओरडून सांगितलं होतं."

वैद्यांनी पुढे एकच प्रश्न विचारला, "त्याचं घर कुठल्या बाजूला?"

तात्पर्य: आपल्या मेहनतीच्या वस्तूतले उणे जो स्वतः पारखून उघडपणे सांगतो, त्यानेच एखादी वस्तू चांगली म्हटली की लोक निःशंकपणे विश्वास ठेवतात.