सगुणाचा दोर आणि हनोखबाबाची विहीर

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण तिचा राग अजून निवलेला नाही. तेव्हा ऐकायची तर रागासकट ऐका.

तळखडी नावाचं एक गाव होतं. गावाला विहीर एकच, आणि गावाबाहेरच्या ख्रिस्तवस्तीतल्या कुणी तिच्या काठावर पाय ठेवायचा नाही असा गावाचा दंडक. वस्तीतल्या बायांनी लांब उभं राहायचं, घागर खाली ठेवायची, मागं सरायचं, आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घेऊन घरी जायचं. दया काही रोज येत नाही. उन्हाळ्यात तर ती विहिरीच्या आधी आटायची.

त्या वस्तीत हनोखबाबा राहायचा. विहिरी खणणं हा त्याचा धंदा. लोकांच्या मळ्यांत त्यानं कितीतरी विहिरी खणल्या, आणि पाणी लागलं की मालक त्याला म्हणायचे, "आता वर ये आन् लांब हो." बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, की माणसांची शाबासकी गेली चुलीत, आता देवाची मिळवायची. देवानं एकदा तरी आपल्याला 'शाबास' म्हणावं, एवढीच त्याची आस. त्यापायी तो उपास करायचा, गुडघे सोलवटेपर्यंत प्रार्थनेला बसायचा, आणि उठताना पुन्हा तीच खुटखुट घेऊन उठायचा. देव आपल्यावर खूश आहे की नाही, हे काही त्याला कळत नव्हतं.

मग एक दिवस त्यानं वस्तीसाठीच विहीर खणायला घेतली. माळावर सगळा काळा कातळ. गावातले लोक बघायला येऊन हसून गेले. हनोख खणत राहिला. पहारीच्या प्रत्येक घावाला तो "बघ रे प्रभू" म्हणायचा, असं म्हणतात.

त्याला आत सोडायचा दोर सगुणाबाईनं वळलेला होता. सगुणा आणि तिचा नवरा वस्तीच्या पार टोकाला राहायचे. केकताडाची पानं कुजवायची, त्यांतले धागे म्हणजे वाख काढायचा आणि दोर वळायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. तीही माणसं ख्रिस्ती झालेली, वस्तीच्याच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येणारी. पण वस्तीतले लोक त्यांना आपल्याहून खालचे समजत. देवळात ती दोघं मागच्या भिंतीला टेकून बसायची. कुणी त्यांना तिथं बसा म्हटलं नव्हतं आणि कुणी पुढं याही म्हटलं नव्हतं. मात्र हनोखचा जीव रोज त्यांच्याच दोरावर लोंबकळायचा, आणि तो दोर कधी तुटला नाही.

शेवटी कातळ फुटला. त्याचा आवाज वेशीपर्यंत गेला, आणि पाणी असं उसळलं की हनोखनं दोर हलवून खूण करायच्या आतच त्या पाण्यानं त्याला अलगद वर आणून काठावर ठेवलं, असं म्हणतात. वस्ती नाचायला लागली. हनोख मात्र ओल्या अंगानं आभाळाकडं कान लावून बसला. शाबास काही ऐकू आलं नाही.

शाबासकी रविवारी आली, पण देवाकडून नाही. मंडळीचा वडील होता बर्नबा. देवळाचा सगळा कारभार त्याच्या हाती. तो उपासनेत उभा राहिला आणि म्हणाला, "शाबास हनोखबाबा! विहिरीच्या दगडावर तुमचं नाव कोरायचं. आजपास्नं तुमी पुढच्या बाकावर बसायचं." सगळ्या देवळानं टाळ्या वाजवल्या. हनोखच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, असं त्याला वाटलं. उपाशी माणसाला कण्याही पक्वान्न वाटतात, त्यातली गत झाली.

दुसऱ्या दिवशी दगडावर नाव कोरून झालं, आणि सगुणा घागर घेऊन विहिरीवर आली. काठाला तिचाच दोर बांधलेला होता. तिनं त्याला हात घातला, तोच बर्नबा ओरडला, "ए बाई! लांब हो. घागर खाली ठेव. आमच्यातली कुणीतरी ओतंल."

ऐकलंत? शब्दसुद्धा नवे शोधले नाहीत. काल-परवापर्यंत गावाच्या विहिरीवर जे ऐकून यांच्या बाया रडत घरी यायच्या, तेच शब्द यांनी उचलले आणि दुसऱ्या बाईच्या तोंडावर मारले. दोर चालतो, दोर वळणारा हात चालत नाही! गळ्यात क्रूस घालून हे बोलताना त्यांची जीभ कशी झडली नाही, कुणास ठाऊक.

सगुणानं हनोखकडं बघितलं. तो तिथंच, आपलं नाव कोरलेल्या दगडापाशी उभा होता. एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. पण पुढचा बाक होता, टाळ्या होत्या, ती शाबासकी होती. हनोखनं मान खाली घातली आणि तो मुंडाशाचा सुटलेला पदर खोचत राहिला. सगुणानं घागर खाली ठेवली आणि ती मागं सरली.

दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी पुरुषभर खाली गेलं होतं. सगुणाच्या घागरीत जितक्यांदा वरून ओतलं, तितक्यांदा पाणी आणखी खाली सरकलं, असं म्हणतात. दोर पुरेना. मग शहाण्यांनी काय केलं? सगुणाकडं आणखी लांब दोर सांगितला! तोही पुरेना, तेव्हा त्याहून लांब सांगितला. तिला घागर भरू द्यावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बर्नबा म्हणाला, "कुणाच्या तरी पापानं पानी रुसलंय." असं म्हणताना तो वस्तीच्या टोकाकडं बघायचा, स्वतःच्या पायांखाली कधी नाही.

हनोखनं अन्नपाणी सोडलं. प्रार्थनेला बसला की त्याच्या कानात टाळ्याच वाजायच्या, दुसरं काही ऐकूच यायचं नाही. पुन्हा दोर अपुरा पडला, तेव्हा नवा दोर सांगायला तोच सगुणाच्या दारी गेला.

सगुणा पायाच्या अंगठ्यात वाख धरून वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "वळून ठिवलाय बाबा, घिऊन जा. पर आता किती लांब वळायचा, ते एकदा सांगून टाका. पानी खाली चाललंया, का तुमीच वर चाललाया?"

दोर खांद्यावर टाकून हनोख विहिरीवर आला, त्यानं तो कमरेला बांधला, पहार हातात घेतली आणि दोर धरणाऱ्यांना म्हणाला, "सोडा मला आत."

तळाला तो कुणाशी झुंजला, हे कुणी पाहिलेलं नाही. भर दुपारी वरच्यांना फक्त आवाज ऐकू येत होते. एक आवाज म्हणत होता, "गप राहा, हनोख. बाक जाईल, नाव जाईल. एका बाईपायी सगळं घालवू नको." तो आवाज बर्नबाचा वाटायचा, पण बर्नबा तर काठावर उभा होता. नीट ऐकल्यावर लोकांना कळलं, की तो हनोखचाच आवाज आहे. मग धडपड ऐकू यायची, पहार खणखणायची, आणि हनोख ओरडायचा, "न्हाई! मी बघितलं आन् मान खाली घातली. पाप माझंय!" कातळ गदगदा हलत होता, असं म्हणतात. त्याला वर ओढलं तेव्हा तो एका पायानं लंगडत होता, आणि तो पाय मरेपर्यंत सरळ झाला नाही.

वर येताच त्यानं छिन्नी घेतली आणि दगडावरचं आपलं नाव तासून काढलं.

"हे काय चालवलंय?" बर्नबा कडाडला. "मंडळीतून काढू तुमाला. प्रभुभोजनाला बसू देनार न्हाई!"

"बाक घ्या, बर्नबाअण्णा," हनोख म्हणाला. "भोजन प्रभूचं हाय. कुनी बसायचं ते त्यो ठरवील."

तो लंगडत थेट वस्तीच्या टोकाला गेला. सगळी वस्ती त्याच्या मागं. सगुणाच्या दारात तो बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. "बाई, लई तहान लागलीय. पानी दे."

सगुणानं गर्दीकडं बघितलं. "माझ्या हातचं?"

"तुझ्याच हातचं. त्या दिशी मी गप बसलो. चुकलो मी."

तिनं मडक्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. कितीतरी दिवसांचा तहानलेला तो, घटाघटा प्यायला लागला. सगुणा म्हणाली, "सावकाश प्या बाबा, ठसका लागंल."

मग हनोखनं तिची घागर खांद्यावर घेतली आणि तिला विहिरीवर नेलं. बर्नबाला काही सुचायच्या आत तिनं घागर आत सोडली. एवढा लांब दोर वेटोळं होऊन काठावरच पडून राहिला, कारण पाणी घागरीला भेटायला वर आलं होतं. बायांनी वाकून हातांनी घागरी भरल्या, असं म्हणतात.

बर्नबानं माफी मागितली? छे! तो म्हणाला, "मी इतकी प्रार्थना केली, तिला फळ आलं." असली माणसं पाण्यात पडली तरी कोरडी निघतात. हनोखला त्यानं खरंच प्रभुभोजनाला बसू दिलं नाही; देवळात प्रभूची भाकर आणि प्याला फिरायचा, तो हनोखला वगळून. कितीतरी वर्षं हनोख देवळात सगुणाशेजारी, मागच्या भिंतीला टेकून बसला. हळूहळू एकेक जण उठून मागं येत गेला, आणि शेवटी पुढच्या बाकावर एकटा बर्नबा उरला.

हनोखबाबाचा अंतकाळ जवळ आला तेव्हा कुणीतरी विचारलं, "बाबा, देवानं तुमाला शाबास म्हटलं का कधी?"

बाबा हसला. "शाबास न्हाई म्हटलं. पर सावकाश प्या, ठसका लागंल, असं म्हटलं. म्या या कानांनी ऐकलंय."

आजही तळखडीत देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या सणाला सगळी मंडळी त्या विहिरीवर जमते. तिथल्या दगडावर कुणाचंही नाव नाही. वस्तीत जो सगळ्यांत शेवटी राहायला आला असेल, ज्याला अजून कुणी आपलं म्हटलेलं नसेल, तो पहिली घागर ओढतो. मंडळीचा वडील त्याच्यापुढं जमिनीवर बसतो आणि ओंजळ धरतो. पाणी ओतता ओतता तो नवा माणूस म्हणतो, "सावकाश प्या, ठसका लागंल," आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, "आमेन."