खाऊवरचं उदक

पाठशाळेला सुट्टी लागली आणि करंजवडीच्या उदाजीराव राजांचा सात वर्षांचा नातू आजोळी आला. सोबत विहीणबाईंचा निरोपही आला. मेण्याबरोबर आलेल्या कारभाऱ्यानं तो भर दरबारात, एक शब्द न गाळता म्हणून दाखवला.

“मागच्या सुट्टीत पोर पाठवलं तेव्हा तोंडात मोत्यांचा सर होता. परत आलं ते काळ्या मण्यांची पोत घेऊन! यंदा आणखी एक जरी दात किडला, तर आजोळ बंद!”

मग सगळ्या वडीलधाऱ्यांनी मिळून गुन्हेगार शोधून काढला.

“हल्लीची पोरंच हावरट!” राजांचे मामासाहेब म्हणाले आणि मिशीला लागलेला जिलबीचा पाक त्यांनी पुसला.

“आमच्या वेळी असं नव्हतं,” दिवाणजी म्हणाले. त्यांच्या वेळचे तीनच दात तोंडात उरले होते आणि तेही एकमेकांशी बोलत नव्हते.

राजवैद्य चाचरत म्हणाले, “सरकार, येता-जाता लेकराच्या तोंडात खाऊ कोंबणं तेवढं थांबवलं तर…”

“खबरदार!” उदाजीराव गरजले. “आजोळी यायचं आणि गोड खायचं नाही? वडीलधाऱ्यांचा हात कुणी अडवायचा नाही. आणि बाळराजांचा दातही किडता कामा नये. हा आमचा हुकूम आहे!”

हुकूम सोडला की कीड घाबरून पळते, असा मोठ्या लोकांचा समज असतो. कोपऱ्यातल्या रांजणात पाणी ओतणारी पाणक्याची लेक येसू हे ऐकून खुदकन हसली.

“दात काय दाखवतेस गं?”

“दाखवण्यासारखे आहेत म्हणून, सरकार.”

अख्ख्या दरबारानं पटापट तोंडं मिटली. उदाजीराव लालबुंद झाले. “एवढी शहाणी ना तू? मग तूच राख नातवाचे दात. त्याचा एक किडला, तर तुझे दोन उपटीन. चिमट्यानं!”

पण गप्प बसेल तर ती येसू कसली!

“आणि नाही किडला तर?”

“मागशील ते देईन.”

“मग एवढंच सांगा सरकार, लेकराला खाऊ देणं हे दान की नाही?”

“दानच! त्याच्याएवढं पुण्य दुसरं कुठलं?”

“शास्त्रीबुवा, दानावर उदक सोडलं नाही तर?”

“दान फुकट!” शास्त्रीबुवा डुलकीतूनच म्हणाले. “देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पाणी सोडलंच पाहिजे.”

“मग जो खाऊ देईल, त्यानंच त्यावर उदक सोडावं. एवढा हुकूम द्या.”

“दिला!” राजे ऐटीत म्हणाले. पुण्य, आणि तेही नुसत्या पाण्यावर! नको कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी मामासाहेबांनी बाळराजांच्या तोंडात जिलबी घातली न घातली, तोच येसू तांब्या आणि चूळ टाकायचं तस्त घेऊन हजर.

“सोडा उदक.”

मामासाहेबांनी पोराच्या तळहातावर चार थेंब टाकले.

“तिथं कशाला? दान तोंडात गेलंय. पोराकडून चुळा भरवून घ्या. दाढेतला कण न् कण निघेपर्यंत! नाहीतर दान फुकट.”

हे ऐकताच बाळराजे पळाले. त्यांच्यामागे संधिवाताचे गुडघे घेऊन मामासाहेब. तुळशीवृंदावनाला आयुष्यात घातल्या नव्हत्या एवढ्या प्रदक्षिणा झाल्या. शेवटी पोर सापडलं, त्यानं चूळ भरली, आणि ती थेट मामासाहेबांच्या जरीकाठी उपरण्यावर सोडली. दुपारी दिवाणजींनी गुडदाणी दिली. दाढेतला चिकटा काढायला त्यांनी बोट घातलं, ते बाळराजांनी कडकडून चावलं. राणीसाहेबांनी लाडवाचा डबा उघडला, दाराशी तांब्या पाहिला आणि झाकण पुन्हा लावलं.

“आज माझा उपास आहे,” त्या म्हणाल्या. उपास आजीचा, मग नातवाचा लाडू का चुकला, हे विचारायची कुणाची छाती!

लेकराच्या तोंडात पेढा कोंबायला पापणी लवण्याएवढा वेळ लागतो. ते तोंड धुवायला मात्र अख्खी दुपार! एवढी माया कुणाच्या गाठीला होती? वाड्यातले दानशूर कर्ण एकेक करून आटले. पोराला भूक लागली की ते जेवायला लागलं, हाही एक चमत्कारच.

राहिले उदाजीराव. त्यांनी भर दरबारात नातवाला मांडीवर घेतलं, पेढा भरवला आणि येसूला फर्मावलं, “आण तुझा तांब्या!”

येसूनं आणला. राजे सिंहासनावरून उतरले, तस्त धरून गुडघ्यांवर बसले. बाळराजांनी ओठ घट्ट मिटले आणि फटीतून म्हणाले, “आधी तुम्ही, आबासाहेब!”

राजांनी गार पाण्याची चूळ तोंडात घेतली मात्र, “आई गं!” करून गाल धरून उभेच राहिले. किडक्या दाढेनं त्यांना त्यांची पायरी दाखवली होती. नातवानं टाळ्या पिटल्या. दरबारी आपापले जोडे निरखू लागले. त्या दिवसापासून सिंहासनाजवळची पेढ्यांची करंडी दिसेनाशी झाली.

सुट्टी संपली. कारभारी पुन्हा आला. त्यानं बाळराजांना उजेडात उभं करून जबडा उघडायला लावला. नवा डाग एकही नाही! पण खालच्या ओळीत एक खिडकी पडली होती.

“एक दात कमी!” मामासाहेब आनंदानं ओरडले. “आणा तो चिमटा!”

“दुधाचा होता, मामासाहेब,” येसू म्हणाली. “पडतो तो वयानं पडतो, किडतो तो लाडानं. आत वाकून बघा, नवा येतोय.”

कारभारी वाकला. हिरडीतून पांढरं टोक डोकावत होतं. “पुढच्या सुट्टीलाही पाठवू,” तो म्हणाला.

उदाजीरावांचा जीव भांड्यात पडला. पण राजेच ते, हरले असं म्हणतील कसे?

“थांब! वडीलधाऱ्यांचा हात अडवायचा नाही, असा हुकूम होता. नंतर सुट्टीभर कुणी खाऊच दिला नाही. तू हुकूम मोडलास!”

“मी कुणाचा हात धरला, सरकार? विचारा एकेकाला! मी तर उलट प्रत्येक हातात तांब्या दिला. काम दिसल्यावर हात आपणहून मागे गेले, त्याला मी काय करू?”

राजांनी मामासाहेबांकडे बघितलं. ते छत बघत होते. दिवाणजींकडे बघितलं. ते चावलेलं बोट धोतरात लपवत होते. मग उदाजीराव दुखरा गाल दाबून असे हसले, असे हसले की सगळ्या किडक्या दाढा दरबाराला दिसल्या!

“हरलो! माग, काय हवं ते माग!”

“पाण्याची पखाल वाहायला एक रेडा द्या. आजवर वाडा माझ्या बापाच्या खांद्यावरून पाणी प्याला.”

“एक नाही, दोन दिले!” डोळे पुसत राजे म्हणाले. “आणि दातही तुझे तुलाच! ने घरी!”