दयेचे दोन शब्द

“मग माझ्या भावाला दयेचा कोणता शब्द लागू पडतो?” निकांद्रोसने विचारलं.

म्हातारे गुरू थेरोन ऑलिव्हच्या झाडाखाली शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निकांद्रोसला शब्दांचा कीस काढायची भारी हौस. अथेन्सला शिकून आल्यापासून तर विचारूच नका.

“आपल्या ग्रीक भाषेत दयेचे शब्द दोन, गुरुजी. ‘ओइक्तोस’ म्हणजे नुसती हळहळ, कुणाचेही हाल पाहून तोंडून निघते ती. ‘एलेओस’ त्याच्या वरचा. दोष नसताना जो भोगतो, त्याच्यासाठी. असा माणूस म्हणजे ‘एलेइनोस’, दयेला पात्र.”

“आणि तुझा भाऊ?”

“दामिस? वडील अंथरुणाला खिळलेले असताना गलबतावर पळून गेला. त्यांनी डोळे मिटेपर्यंत सगळं मी एकट्याने निस्तरलं. तो कसला एलेइनोस!”

थेरोननी आणखी एक शेंग सोलली.

दामिस परत आला होता. लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची फांदी हातात धरून तीन दिवस देवळाच्या पायरीवर बसून होता. आश्रय मागणाऱ्याने असंच बसायचं, ही तिथली रीत. घरच्या कुणी हात धरून उठवलं, तर तो घरचा. आज सूर्य मावळेपर्यंत कुणी आलं नाही, तर त्याला गाव कायमचं सोडावं लागणार होतं.

निकांद्रोसचा भावावरचा राग अजून गेला नव्हता. आणि रिकामं घर त्याला खायला उठत होतं, हेही खरं.

“हळहळ म्हणावी, तर ती आपोआप यायला हवी. दया म्हणावी, तर तो पात्र हवा. सांगा ना, गुरुजी… कोणता शब्द?”

थेरोन उठले. शेंगांची टोपली बाजूला ठेवली. दोन पावलं पुढे आले आणि एकदम खाली बसून त्यांनी शिष्याचे दोन्ही गुडघे घट्ट धरले. जीवदान मागणारा धरतो, तसे.

निकांद्रोसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो गुरुजी, हे काय! उठा… उठा आधी!”

त्याने वाकून त्यांना हाताला धरून उभं केलं.

“कोणत्या शब्दाने उठवलंस?”

“शब्द…?” निकांद्रोस अडखळला. “शब्द आठवलाच नाही.”

सूर्य डोंगराला टेकला होता. थेरोननी अंगरख्याची धूळ झटकली आणि झाडाखाली बसून टोपली पुन्हा मांडीवर घेतली.

“तीन दिवस दगडावर बसलाय. पाय आखडले असतील त्याचे. उठवताना दोन्ही हात लाव.”